लिनक्सच्या बीपीएफ जिटमध्ये छोटा हेल्पर इनलाइन करणं: क्रम, तपासण्या आणि हमखास होणाऱ्या चुका

बीपीएफ म्हणजे कर्नलच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम, जिट म्हणजे त्यांचा मशीन कोड काढणारा भाग, आणि हेल्पर म्हणजे त्यांना बोलावता येणारं कर्नलचं फंक्शन. इनलाइन करणं म्हणजे हेल्परला कॉल न करता त्याचं काम जागीच करणाऱ्या इन्स्ट्रक्शन बसवणं. हेल्पर इनलाइन करण्याचा पॅच दिसायला दहा-पंधरा ओळींचा असतो, म्हणूनच तो घाईत लिहिला जातो. त्यातला मशीन कोड बहुतेक वेळा बरोबरच असतो. गडबड होते ती त्याच्याभोवतीच्या कराराची: हेल्परच्या उत्तराबद्दल व्हेरिफायर (लोड होताना प्रोग्राम सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग) काय गृहीत धरतो, कोणती रजिस्टरं शाबूत राहतील असं क्लँग (प्रोग्राम बांधणारा कंपायलर) मानून चालतो, आणि जिट बंद असेल तर इंटरप्रिटरच्या (प्रोग्राम एकेक इन्स्ट्रक्शन वाचत चालवणाऱ्या भागाच्या) हाती काय पडतं. आधी करार लिहून काढा, मग जागा ठरवा, कोड शेवटी लिहा. हा क्रम उलटा झाला की चाचण्या हिरव्या दिसतात आणि चूक आत तशीच राहते.

उदाहरण म्हणून बीपीएफ_गेट_एसएमपी_प्रोसेसर_आयडी हा चालू सीपीयूचा क्रमांक देणारा हेल्पर घेऊ. लिनक्स ६.१० मध्ये तो एक्स८६-६४, आर्म६४ आणि रिस्क-फाइव्ह अशा तिन्हींवर इनलाइन झाला, आणि तेही दोन वेगळ्या मार्गांनी, त्यामुळे दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहता येतात. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधताना खालच्या रेघा त्याच जागी आहेत असं समजा.

## आधी हाताशी काय हवं

काम बीपीएफ-नेक्स्ट ट्रीवर करा. व्हेरिफायरमधलं डू_मिस्क_फिक्सअप्स हे फंक्शन सतत बदलत असतं, आणि जुन्या ट्रीवरचा पॅच नेमका तिथेच अडतो.

दोन कर्नल बिल्ड तयार ठेवा. दोन्हींत कॉन्फिग_बीपीएफ_सिस्कॉल, कॉन्फिग_बीपीएफ_जिट आणि कॉन्फिग_डिबग_इन्फो_बीटीएफ चालू असू द्या. एकात कॉन्फिग_बीपीएफ_जिट_ऑल्वेज_ऑन चालू ठेवा, दुसऱ्यात बंद. हा पर्याय चालू असला की इंटरप्रिटर कर्नलमध्ये नसतोच, त्यामुळे इंटरप्रिटरशी निगडित चुका त्या बिल्डमध्ये कधीच दिसत नाहीत. बहुतेक जण फक्त हीच बिल्ड चालवतात.

बीपीएफटूल हे लोड झालेले प्रोग्राम दाखवणारं साधन डिसअसेंब्लरच्या (मशीन कोड वाचता येईल असा मांडणाऱ्या) लायब्ररीसह बांधलेलं आहे ना, हे आधीच पाहून घ्या. ती लायब्ररी नसेल तर व्हेरिफायरनंतरचा कोड दिसतो, पण जिटने काढलेला मशीन कोड वाचता येत नाही, आणि या कामात तोच वाचायचा असतो. सेल्फटेस्टसाठी (कर्नलसोबतच्या चाचण्यांसाठी) नवा क्लँग आणि पाहोल (बीटीएफ ही टाइपांची माहिती तयार करणारं साधन) लागतील. दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी क्यूईएमयू (एम्युलेटर) पुरतं, मात्र वेगाची मोजमापं त्यावर घेऊ नका.

रजिस्टरांचा नकाशा समोर असू द्या. बीपीएफच्या बाजूने: आर० मध्ये उत्तर, आर१ ते आर५ मध्ये आर्ग्युमेंट, आर६ ते आर९ कॉलनंतरही टिकणारी, आर१० फ्रेम पॉइंटर. एक्स८६-६४ वर आर० म्हणजे आरएएक्स आणि आर१ म्हणजे आरडीआय. आर्म६४ वर मात्र आर० हा एक्स७ मध्ये राहतो आणि आर१ हा एक्स० मध्ये. आर्म६४ वर नवखा माणूस उत्तर एक्स० मध्ये टाकून मोकळा होतो, आणि प्रोग्रामचा आर१ उडतो.

## टप्पा १: हा हेल्पर इनलाइन करण्याजोगा आहे का

आर्म६४ वर साध्या हेल्पर कॉलसाठी, पत्ता थेट उडीच्या टप्प्यात नसेल तर, जिट तीन इन्स्ट्रक्शनमध्ये पत्ता भरतो, मग उडी घेतो, आणि परत आल्यावर एक्स० मधलं उत्तर एक्स७ मध्ये हलवतो. हेल्परचा स्वतःचा प्रोलॉग आणि एपिलॉग (फंक्शनच्या सुरुवातीची आणि शेवटची आवराआवर) वेगळा. हेल्परचं खरं काम एक-दोन लोड एवढंच असेल, तर हा सगळा लवाजमा वाचवण्यात अर्थ आहे. एक्स८६ वर कॉल एकाच इन्स्ट्रक्शनचा असल्याने बचत तुलनेने कमी, पण वारंवार चालणाऱ्या ट्रेसिंग प्रोग्राममध्ये तीही जाणवते.

योग्य उमेदवार ओळखायला सोपे असतात: लॉक नाही, लूप नाही, दुसऱ्या फंक्शनला कॉल नाही, आणि उत्तर तीन-चार इन्स्ट्रक्शनमध्ये मिळतं. सध्याचा टास्क पॉइंटर देणारा हेल्पर, बीपीएफ_जिफीज६४ आणि बीपीएफ_केपीटीआर_एक्सचेंज हे असे आहेत. बीपीएफ_केटाइम_गेट_एनएस तसा नाही. त्यात सीक्वेन्स काउंटर बदलला तर पुन्हा वाचण्याचा लूप आहे आणि घड्याळाचा स्रोत चालू असताना बदलू शकतो. बीपीएफ_प्रोब_रीड च्या मागे लागू नका, कारण तिथे फॉल्ट सांभाळण्याची यंत्रणा गुंतलेली आहे.

सावधान: इनलाइन झालेला हेल्पर परफच्या (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनाच्या) नोंदींत दिसत नाही, त्याच्यावर लावलेला केप्रोब (फंक्शनवर ठेवलेली पाळत) पेटत नाही, आणि त्याच्या आतल्या डिबग तपासण्या चालत नाहीत. आपल्या उदाहरणातला हेल्पर एसएमपी_प्रोसेसर_आयडी मॅक्रो वापरतो. कॉन्फिग_डिबग_प्रीएम्प्ट चालू असेल तर चुकीच्या ठिकाणी वापरल्यावर तो इशारा देतो. इनलाइन केल्यावर तो इशारा गेला. बीपीएफ प्रोग्राम चालताना मायग्रेशन (एका सीपीयूवरून दुसऱ्यावर जाणं) बंद असतं म्हणून इथे चालून जातं. तुमच्या हेल्परला असा आधार आहे का, ते आधी शोधा.

## टप्पा २: करार कागदावर उतरवा

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. चार गोष्टी लिहा.

पहिली, उत्तराची रुंदी. हेल्परची सी व्याख्या ६४ बिट परत देते. तुम्ही ज्या फील्डमधून वाचणार ते किती बिटचं आहे, ते स्ट्रक्चरची व्याख्या उघडून पाहा. थ्रेड_इन्फो मधला सीपीयू ३२ बिटचा आहे.

दुसरी, उत्तराची मर्यादा. इथे व्हेरिफायर नुसता प्रेक्षक नसतो. या हेल्परनंतर आर० ची कमाल किंमत एनआर_सीपीयू_आयडीज वजा १ आहे असं तो स्वतः नोंदवतो आणि पुढच्या सीमा-तपासण्या त्या भरवशावर मोकळ्या सोडतो. म्हणजे तुमच्या कोडने वरच्या ३२ बिटांत कचरा ठेवला, तर चुकीचा सीपीयू क्रमांक मिळणं हे नुकसानाचं छोटं टोक झालं. मोठं टोक असं की प्रोग्राम त्या आकड्याने ॲरेच्या बाहेर लिहू शकतो आणि त्याला अडवणारं कुणी उरलेलं नसतं.

रिस्क-फाइव्हवर नेमकी हीच रुंदीची चूक झाली होती. तिथल्या जिटने ३२ बिटचा सीपीयू ६४ बिटच्या लोडने वाचला. त्या फील्डनंतर स्ट्रक्चरमध्ये रिकामी जागा होती आणि प्रोसेसर लिटल-एंडियन (खालचे बाइट आधी ठेवणारा), म्हणून ती शून्यं असेपर्यंत उत्तर बरोबर येत राहिलं. पुढे ते ३२ बिटच्या लोडने दुरुस्त केलं गेलं. एका अक्षराचा फरक, पण कोणतीही साधी चाचणी तो पकडत नाही.

तिसरी, कोणती रजिस्टरं बिघडतात. साध्या हेल्पर कॉलनंतर आर१ ते आर५ बिघडलेली मानली जातात, त्यामुळे वाटतं की तीही मोकळेपणी वापरावीत. तसं करू नका. कारण टप्पा ५ मध्ये आहे.

चौथी, आडून होणारी कामं. काही हेल्परांसाठी व्हेरिफायर कॉल पाहताच आणखी काही करून ठेवतो: बीपीएफ_गेट_पीआररँडम_यू३२ दिसला की यादृच्छिक अंकांची सुरुवातीची स्थिती तयार होते, बीपीएफ_गेट_रूट_रेल्म दिसला की प्रोग्रामवर डीएसटी_नीडेड ही खूण लागते. जिटच्या मार्गाने इनलाइन केलेला कॉल या ओळींपर्यंत पोचतच नाही. तुमच्या हेल्परचा असा काही उल्लेख डू_मिस्क_फिक्सअप्स मध्ये किंवा इतरत्र आहे का, हे त्याच्या बीपीएफ_फंक ने सुरू होणाऱ्या नावाने अख्ख्या ट्रीमध्ये शोधा.

तपासा: या चारही गोष्टी तुम्हाला कोड न उघडता सांगता येतात का? येत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: जागा ठरवा, व्हेरिफायर की जिट

दोन ठिकाणं आहेत.

व्हेरिफायरमध्ये इनलाइन करणं म्हणजे कॉल काढून त्याजागी बीपीएफच्याच इन्स्ट्रक्शन बसवणं. एकदा लिहिलं की ज्या ज्या जिटला त्या इन्स्ट्रक्शन येतात तिथे ते चालतं. बीपीएफ_जिफीज६४ असंच आहे: ६४ बिटचा पत्ता आर० मध्ये भरायचा आणि त्यावरून ६४ बिट वाचायचे. ॲरे मॅपमधला शोधही याच मार्गाने इनलाइन होतो.

जिटमध्ये इनलाइन करणं म्हणजे कॉल तसाच ठेवून मशीन कोड काढताना त्याजागी थेट प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन टाकणं. उत्तर एखाद्या खास सिस्टिम रजिस्टरमध्ये असेल आणि बीपीएफच्या भाषेत ते म्हणताच येत नसेल, तर हाच मार्ग. आर्म६४ वर सध्याचा टास्क एसपी_ईएल० मध्ये असतो. बीपीएफला ते रजिस्टर माहीत नाही.

आमचा कौल स्पष्ट आहे: बीपीएफ इन्स्ट्रक्शनमध्ये सांगता येत असेल तर व्हेरिफायर निवडा. तिथे चूक झाली तर व्हेरिफायरनंतरच्या डंपमध्ये ती उघड दिसते, आणि प्रत्येक आर्किटेक्चरच्या मेंटेनरला वेगळं पटवावं लागत नाही. दोन्हीकडे एकाच हेल्परसाठी कोड ठेवायचा असेल तर जिटला पहिला मान मिळतो, हे लक्षात ठेवा. व्हेरिफायर आधी बीपीएफ_जिट_इनलाइन्स_हेल्पर_कॉल ला विचारतो, आणि होकार आला की स्वतः काहीच करत नाही.

## टप्पा ४-अ: व्हेरिफायरच्या मार्गाने

१. अट लिहा. प्रोग्रामवर जिट_रिक्वेस्टेड आहे का, ही पहिली अट. दुसरी अट तुमच्या इन्स्ट्रक्शन जिटला येतात का याची: पर-सीपीयू (प्रत्येक सीपीयूसाठी वेगळी प्रत असलेल्या चलाच्या) पत्त्याची इन्स्ट्रक्शन वापरत असाल तर बीपीएफ_जिट_सपोर्ट्स_परसीपीयू_इन्सन, पॉइंटरची अदलाबदल असेल तर बीपीएफ_जिट_सपोर्ट्स_पीटीआर_एक्सचेंज. पत्ता ६४ बिटचा असेल तर बिट्स_पर_लाँग ६४ आहे हेही पाहा.

२. इन्सन_बफ (कॉलऐवजी बसवायच्या इन्स्ट्रक्शनचा ॲरे) भरा. आपल्या उदाहरणासाठी एक्स८६-६४ वर तीनच इन्स्ट्रक्शन लागतात:

आर० = सीपीयू_नंबर या पर-सीपीयू चलाचा पत्ता, ६४ बिट मूव्ह
आर० = आर० + चालू सीपीयूचा पर-सीपीयू ऑफसेट
आर० = आर० ने दाखवलेल्या जागेतले ३२ बिट

तिन्ही ओळींत फक्त आर० आहे. हे मुद्दाम आहे.

पहिल्या ओळीतली मूव्ह ६४ बिटची का, तेही बघा. सुरुवातीला ती ३२ बिटची होती आणि चालत होती, कारण एक्स८६-६४ वर पर-सीपीयू चलांचे पत्ते शून्यापासून मोजले जात. ती मांडणी बदलली, पत्ते कर्नलच्या वरच्या भागात गेले, आणि ३२ बिटच्या आकड्याला चिन्हासह ६४ बिटपर्यंत ताणणं गरजेचं झालं. पत्ता इमिजिएट (इन्स्ट्रक्शनमध्येच लिहिलेला आकडा) म्हणून भरताना तो कोणत्या भागातला आहे हे न पाहता लहान मूव्ह निवडू नका.

३. बीपीएफ_पॅच_इन्सन_डेटा ला बोलवा. उत्तर रिकामं आलं तर मेमरी कमी असल्याची चूक परत द्या.

४. हिशेब सुधारा, आणि याच क्रमाने: डेल्टामध्ये संख्या वजा १ मिळवा, एन्व्ह->प्रोग आणि प्रोग दोन्हींना नवा प्रोग्राम द्या, इन्सन पॉइंटर नव्या ॲरेतून पुन्हा काढा, मग नेक्स्ट_इन्सन कडे जा. पॅच करताना प्रोग्रामची जागा मेमरीत हलू शकते. जुना इन्सन पॉइंटर वापरत राहिलात तर मोकळी झालेली मेमरी वाचाल, आणि छोट्या प्रोग्राममध्ये ते जाणवणारही नाही.

सावधान: प्रत्येक कॉलमागे प्रोग्राम काही इन्स्ट्रक्शननी वाढतो. जंपचा ऑफसेट १६ बिटचा आहे. हेल्पर शेकडो वेळा बोलावणाऱ्या मोठ्या प्रोग्राममध्ये एखादी लांब जंप मर्यादेबाहेर जाते आणि काल लोड होणारा प्रोग्राम आज नाकारला जातो. व्हेरिफायरच्या लॉगमध्ये १६ बिटच्या मर्यादेमुळे इन्स्ट्रक्शन पॅच करता आली नाही असा उल्लेख येतो. म्हणूनच तीन-चार इन्स्ट्रक्शनची लक्ष्मणरेषा.

सावधान: इनलाइन कोडमध्ये इंडेक्स असेल तर स्पेक्टरविरोधी मुखवटा विसरू नका. ॲरे मॅपच्या इनलाइन शोधात कमाल नोंदींशी तुलना झाल्यावरही इंडेक्स_मास्क शी अँड केलं जातं. ते निरर्थक वाटतं, कारण सरळ चालीत त्याचा काहीच परिणाम नाही. ते अंदाजाने पुढे पळणाऱ्या चालीसाठी आहे. हा अँड काढायचा अधिकार फक्त बायपास_स्पेक_व्ही१ ला आहे.

तात्पुरती जागा हवी म्हणून लपलेलं एएक्स रजिस्टर वापरायचा मोह होतो. कॉन्स्टंट ब्लाइंडिंग (प्रोग्राममधले स्थिर आकडे झाकण्याची सुरक्षा) तेच वापरतं. एएक्स मधली किंमत साधारणपणे एका इन्स्ट्रक्शनपुरतीच टिकते असं धरून चाला.

## टप्पा ४-ब: जिटच्या मार्गाने

१. आर्किटेक्चरच्या जिट फाइलमध्ये बीपीएफ_जिट_इनलाइन्स_हेल्पर_कॉल लिहा आणि फक्त तुमच्या हेल्परसाठी खरं परत द्या. सामायिक कोडमधली कमकुवत व्याख्या नेहमी खोटं देते, त्यामुळे बाकी आर्किटेक्चरना धक्का लागत नाही.

२. त्याच कमिटमध्ये बिल्ड_इन्सन च्या कॉल शाखेत, नेहमीचा कॉल निघण्याआधी, तुमची शाखा टाका. आर्म६४ वर ती अशी चालते:

एक्स१० = एसपी_ईएल०
डब्ल्यू७ = एक्स१० अधिक सीपीयूचा ऑफसेट या जागेतले ३२ बिट

एक्स१० हे जिटचं स्वतःचं तात्पुरतं रजिस्टर आहे, बीपीएफच्या कोणत्याही रजिस्टरला ते दिलेलं नाही. डब्ल्यू७ मध्ये लिहिलं की एक्स७ चे वरचे ३२ बिट प्रोसेसर आपोआप शून्य करतो, म्हणजे टप्पा २ मधली मर्यादेची अट वेगळ्या इन्स्ट्रक्शनशिवाय पाळली जाते.

ऑफसेट हाताने लिहू नका. थ्रेड_इन्फो मध्ये सीपीयूच्या आधी येणारी काही फील्डं कॉन्फिगनुसार असतात किंवा नसतात. तुमच्या लॅपटॉपवर दिसलेला आकडा दुसऱ्या बिल्डमध्ये वेगळा असेल. ऑफसेटऑफ वापरा, आणि तो लोडच्या इमिजिएटमध्ये बसतो का हे तपासून, बसत नसेल तर रजिस्टरमधून देण्याची दुसरी वाट ठेवा. ३२ बिटच्या लोडला ही मर्यादा १६३८० बाइट आहे आणि ऑफसेट ४ ने भाग जाणारा हवा.

३. अटीत एसआरसी_रेग (कॉल कोणत्या प्रकारचा ते सांगणारं फील्ड) शून्य आहे का, ते पाहा. हे सुटलं तर घोळ होतो तो असा: आपल्या हेल्परचा क्रमांक ८ आहे, आणि तो कॉलच्या आयएमएम फील्डमध्ये असतो. प्रोग्रामच्या आतल्या उपफंक्शनच्या कॉलमध्ये त्याच आयएमएम फील्डमध्ये कुठे उडी घ्यायची त्या अंतराचा आकडा असतो, आणि तो आकडाही ८ असू शकतो. तेव्हा एसआरसी_रेग १ असतो. केफंक (हेल्पर नसलेलं, पण प्रोग्रामला बोलावता येणारं कर्नल फंक्शन) कॉलमध्ये २. फक्त आयएमएम पाहणारा जिट उपफंक्शन गाळून सीपीयू क्रमांक देईल.

४. प्रत्येक फेरीत तितक्याच इन्स्ट्रक्शन निघतात ना, हे बघा. आर्म६४ चा जिट पहिल्या फेरीत इमेज रिकामी ठेवून फक्त लांबी मोजतो आणि त्यावरून जंपचे ऑफसेट ठरवतो. एक्स८६ चा जिट लांबी स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारतो. तुमची शाखा इमेजच्या पत्त्यावर किंवा फेरीवर अवलंबून लहान-मोठी होत असेल तर जंप चुकीच्या जागी पडतील.

सावधान: पायरी १ आणि २ वेगळ्या कमिटमध्ये कधीच टाकू नका. नेहमीच्या कॉलमध्ये व्हेरिफायर आयएमएममध्ये हेल्परचा पत्ता, बीपीएफ_कॉल_बेस पासूनच्या अंतराच्या रूपात भरतो. जिट इनलाइन करणार म्हटल्यावर तो हे गाळतो आणि तिथे कच्चा क्रमांक ८ राहतो. जिटने शाखा हाताळली नाही तर कॉल बेसपासून ८ बाइट पुढे उडी बसते. मधल्या कमिटवर बायसेक्ट (चूक कोणत्या कमिटपासून आली त्याचा शोध) करणाऱ्याचं मशीन तिथेच कोसळेल.

इंटरप्रिटरलाही हाच धोका आहे. जिट बंद असताना हा प्रोग्राम इंटरप्रिटरकडे गेला तर तोही त्याच कच्च्या आकड्याला अंतर समजेल. ऑल्वेज_ऑन नसलेल्या बिल्डमध्ये नेट.कोअर.बीपीएफ_जिट_एनेबल शून्य करून हेल्पर वापरणारा प्रोग्राम लोड करा आणि काय होतं ते स्वतः पाहा. तो नीट चालला पाहिजे किंवा लोड होतानाच स्वच्छ नाकारला गेला पाहिजे.

## टप्पा ५: फास्टकॉलची खूण, घाई न करता

लिनक्स ६.१२ पासून हेल्परच्या प्रोटोटाइपमध्ये अलाउ_फास्टकॉल अशी खूण लावता येते. ती व्हेरिफायरसाठी असते; क्लँगला तेच हेल्परच्या डिक्लेरेशनवरच्या बीपीएफ_फास्टकॉल ॲट्रिब्यूटने सांगितलं जातं: हा कॉल फक्त आर० आणि प्रत्यक्ष आर्ग्युमेंटची रजिस्टरं बिघडवतो, बाकी आर१ ते आर५ शाबूत राहतात. जुन्या कर्नलवरही प्रोग्राम चालावा म्हणून क्लँग कॉलच्या आधी ती रजिस्टरं स्टॅकवर ठेवतो आणि नंतर परत उचलतो. हेल्पर इनलाइन होतोय असं कळलं की व्हेरिफायर या जोड्या काढून टाकतो.

आता समजा तुमच्या इनलाइन कोडने आर१ तात्पुरता वापरला आणि खूण लावली. सावरायला ठेवलेली जोडी व्हेरिफायरने आधीच काढली आहे. आर१ मध्ये कदाचित कॉन्टेक्स्ट पॉइंटर होता. आता त्याजागी कसला तरी पत्ता आहे, आणि व्हेरिफायरच्या लेखी तो अजून कॉन्टेक्स्ट पॉइंटरच आहे. यासाठीच वरचा तीन ओळींचा क्रम फक्त आर० वर चालतो.

म्हणून इनलाइन करण्याचा पॅच आधी, खुणेचा पॅच नंतर आणि वेगळा. खूण लावताना व्हेरिफायर_इनलाइन्स_हेल्पर_कॉल मध्ये तुमच्या हेल्परची अट इनलाइन करणाऱ्या कोडच्या अटीशी शब्दशः जुळवा. शक्य असेल तर दोन्हीकडे तेच फंक्शन बोलवा. एकीकडे जिट_रिक्वेस्टेड तपासलं आणि दुसरीकडे विसरलात, तर जोड्या निघून जातात, पण कॉल मात्र खराखुरा होतो आणि रजिस्टरं बिघडवतो.

## टप्पा ६: विचित्र कॉन्फिग

कॉन्फिग_एसएमपी बंद असलेली बिल्ड करून पाहा. एकाच सीपीयूच्या कर्नलमध्ये उत्तर नेहमी शून्य, म्हणून एक्स८६ वर तिथे आर० ला स्वतःशीच एक्सॉर करणारी एकच इन्स्ट्रक्शन बसते. यूजर-मोड लिनक्स वगळायला विसरू नका: तिथे एक्स८६-६४ चं कॉन्फिग चालू दिसतं, पण हा पर-सीपीयू पत्ता नसतो. बिग-एंडियन एस३९० वर रुंदीची चूक लगेच उघडी पडते, त्यामुळे व्हेरिफायरच्या मार्गाने केलेलं इनलाइन तिथे लागू होत असेल तर ते नक्की चालवा.

## टप्पा ७: डोळ्यांनी पाहा, मग चाचणी लिहा, मग मोजा

हेल्परला एकदाच बोलावणारा छोटा प्रोग्राम लोड करा. बीपीएफटूल प्रोग डंप एक्सलेटेड चालवा. व्हेरिफायरचा मार्ग असेल तर कॉल नाहीसा होऊन तुमच्या तीन ओळी दिसल्या पाहिजेत. जिटचा मार्ग असेल तर कॉल तिथेच राहील, ते बरोबर आहे. मग बीपीएफटूल प्रोग डंप जिटेड चालवा. यात तीन गोष्टी शोधा: खऱ्या कॉलची इन्स्ट्रक्शन नाही, लोडची रुंदी ३२ बिट आहे, आणि लिहिलं गेलेलं प्रत्येक रजिस्टर एकतर आर० चं आहे किंवा जिटचं स्वतःचं.

हाच डंप उपफंक्शन असलेल्या प्रोग्रामवर पुन्हा घ्या, कारण तिथे जिट एक जादा फेरी मारतो. नेट.कोअर.बीपीएफ_जिट_हार्डन २ करूनही घ्या. १ वर फक्त विशेषाधिकार नसलेल्यांसाठी ब्लाइंडिंग होतं आणि रूटने चालवलेल्या चाचणीत काहीच फरक दिसत नाही. २ वर सगळ्यांसाठी होतं.

सेल्फटेस्टमध्ये प्रोग्रामवर एक्सलेटेड आणि जिटेड या खुणांनी अपेक्षित इन्स्ट्रक्शन लिहिता येतात, आणि आर्किटेक्चरच्या खुणेने चाचणी तेवढ्यापुरती मर्यादित करता येते. व्हेरिफायर_बीपीएफ_फास्टकॉल या फाइलमध्ये नमुने आहेत. नुसतं उत्तर तपासणारी चाचणी पुरत नाही: हेल्पर इनलाइन झालाच नाही तरी ती उत्तीर्ण होते. आणखी एक प्रोग्राम असा लिहा, ज्यात कॉलच्या आधी आर६ ते आर९ मध्ये ओळखीचे आकडे ठेवले आहेत आणि नंतर ते पडताळले आहेत. खूण लावली असेल तर आर१ ते आर५ साठीही तसाच.

मोजमापासाठी हेल्परला एका चालीत अनेकदा बोलावणारा प्रोग्राम लिहा आणि सेल्फटेस्टमधल्या बेंच साधनाच्या धर्तीवर, एका सीपीयूला बांधून, फ्रीक्वेन्सी स्थिर ठेवून खऱ्या हार्डवेअरवर चालवा. कर्नल.बीपीएफ_स्टॅट्स_एनेबल्ड चालू करून मिळणारी वेळ इथे वापरू नका. ती मोजणी प्रत्येक चालीच्या दोन्ही टोकांना घड्याळ वाचते, आणि तो खर्च तुमच्या वाचवलेल्या कॉलपेक्षा मोठा असतो.

## टप्पा ८: पॅच पाठवताना

आर्किटेक्चरनिहाय वेगळे पॅच, सामायिक कोड सर्वांत आधी, सेल्फटेस्ट शेवटी. विषयात बीपीएफ-नेक्स्ट. कमिट संदेशात आधीचा आणि नंतरचा जिटेड डंप चिकटवा, मोजमाप कोणत्या प्रोसेसरवर घेतलं ते लिहा, आणि आर्किटेक्चरच्या मेंटेनरना गेट_मेंटेनर स्क्रिप्टने शोधून प्रत पाठवा. तुमचा कोड ज्या अंतर्गत फील्डवर विसंबतो, त्याच्या व्याख्येशेजारी किंवा निदान तुमच्या शाखेवर एक टीप ठेवा, की ते फील्ड हललं तर हे इनलाइन काढून टाकलं तरी चालेल. एक्स८६ च्या कोडमध्ये अशी टीप आहे, आणि पुढे कुणी पर-सीपीयूची मांडणी बदलायला घेतली तर तिचा उपयोग होतो.

हेल्परची मूळ सी व्याख्या मात्र जागच्या जागी राहू द्या. ज्या आर्किटेक्चरवर इनलाइन नाही त्यांना आणि इंटरप्रिटरला तीच लागते, आणि तुमची शाखा एक दिवस मागे घ्यावी लागली तर प्रोग्राम पुन्हा तिच्याच आधाराने चालतील.